शुल्क कोणाचे, विद्या कोणाची?

सोलापूर-हैदराबाद हमरस्ता आणि बीदरहून चिंचोळीकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना मिळतात, तेथे मन्नाएखेळ्ळी हे गाव वसले आहे. गाव बीदर जिल्ह्यात. पण कलबुर्गी जिल्ह्याची हद्दही येथून फार दूर नाही. या चौरस्त्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला आज अनेक विद्यापीठांच्या वाटा मोकळ्या आहेत. हैदराबादेस उस्मानिया, सोलापुरास २००४ साली स्थापन झालेले विद्यापीठ, कलबुर्गीस १९८० सालचे, आणि बीदर जिल्ह्याचे स्वतःचे विद्यापीठ तर २०२३ सालचे. शंभर वर्षांपूर्वी यांपैकी केवळ एकच अस्तित्वात होते. विद्यापीठे वाढली, महाविद्यालये वाढली आणि त्यांबरोबर शुल्कही वाढले. या वाढीने समाजाचे हित साधले काय, या प्रश्नाचे उत्तर या सीमाभागाच्या इतिहासात शोधणे उचित ठरेल.

हा प्रश्न नवा नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुरती पंचवीस वर्षे उलटल्यावर, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने; तिच्यातून उच्च शिक्षणावर खर्च होतो तो मात्र वरच्या वर्गांच्या मुलांसाठी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. विद्येचा खर्च कोण सोसतो आणि तिचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे दोन प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत, हा धडा जोतीरावांनी घालून दिला.

निजामाच्या राज्यात या धड्याचा प्रत्यय आला. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग त्या काळी अपूर्व होता, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु ती भाषा उर्दू होती. बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरी मराठी किंवा कानडी बोलली जाई. त्याच्या मुलाला आधी परकी भाषा आत्मसात करावी लागे, मग घरदार सोडून राजधानीत राहण्याची तजवीज करावी लागे. पावतीवरील शुल्क कितीही अल्प असले, तरी ही दोन अदृश्य शुल्के त्याला पेलत नसत. शेतसारा भरणारा एक आणि पदवी घेणारा दुसरा, अशीच स्थिती बहुधा राही.

अंतर हेही एक शुल्कच आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले. मिलिंद महाविद्यालय या नावाने ते पुढे प्रसिद्धीस आले. जे विद्यार्थी महानगरापर्यंत पोहोचू शकत नव्हते, त्यांच्याजवळ महाविद्यालयच आले. उच्च शिक्षणाचा विस्तार म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. पलीकडच्या विद्यार्थ्यांसाठी १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि आर्थिक दृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी देण्याची योजनाही तेथे १९५९ पासून सुरू झाली. अलीकडच्या विद्यार्थ्यांचे विद्यापीठ मात्र दूर धारवाडास होते. त्याचे पदव्युत्तर केंद्र गुलबर्ग्यास आले ते १९७० साली. स्वतंत्र विद्यापीठ व्हावयास आणखी दहा वर्षे लागली. एकाच जिल्ह्यातील भावंडांचे शैक्षणिक भवितव्य असे सीमारेषेने वेगळे केले.

ही उणीव खासगी संस्थांनी भरून काढण्याचा यत्न केला. महादेवप्पा रामपुरे यांच्या पुढाकाराने १९५८ साली गुलबर्ग्यात हैदराबाद कर्नाटक एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिने अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये उभारली. ज्या प्रांतात डॉक्टर मिळणे दुर्मीळ, तेथे डॉक्टर घडू लागले. महाविद्यालयाची पायरी कधीही न चढलेल्या रोग्यालाही त्या विद्येचा लाभ होतो. समाजाने उच्च शिक्षणाचा भार का उचलावा, याचे उत्तर येथे आहे.

तथापि विस्ताराबरोबर एक अनिष्ट प्रथाही कर्नाटकात फोफावली. ती म्हणजे प्रवेशासाठी देणगी घेण्याची. तिला आळा घालण्यासाठी १९८४ साली राज्याने कायदा केला. १९८९ च्या अधिसूचनेनुसार खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांना २५,००० पर्यंत आणि परराज्यातील विद्यार्थ्यांना ६०,००० पर्यंत शुल्क ठरले. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा शुल्काविरुद्ध निर्णय दिला. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा अल्प शुल्काच्या व निम्म्या अधिक शुल्काच्या, अशी तोड न्यायालयाने काढली.

व्यवस्था दिसावयास न्याय्य होती. पण तिचे फळ विपरीत निघाले. गुणवत्तेवर मिळणाऱ्या स्वस्त जागा चांगल्या शाळांत शिकलेली संपन्न घरची मुले पटकावत आणि खेड्यातील मुलाला कर्ज काढून महाग जागा घ्यावी लागे. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी ही विसंगती दाखविली आणि ती योजना रद्द केली. वाजवी शुल्क घेण्यास संस्थांना मुभा मिळाली. नफेखोरीस मात्र मनाई झाली. १८८२ साली जोतीरावांनी दाखविलेला अन्याय एकशेवीस वर्षांनी पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शुल्क स्वस्त केले म्हणजे विद्या आपोआप गरिबाघरी जात नाही. आणि शुल्क वाढवून महाविद्यालयांची संख्या वाढविली, तरीही ती त्याच्या घरी जातेच असे नाही. २०१२ साली संसदेने अठ्ठ्याण्णवावी घटनादुरुस्ती संमत केली. अनुच्छेद ३७१ जे अन्वये या मागास भागातील विद्यार्थ्यांसाठी येथील संस्थांत जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. जागा मिळणे ही पहिली पायरी झाली. त्या जागेवर बसण्याचे बळ मुलाला खालच्या शाळेतच मिळाले पाहिजे.

तेव्हा ज्याला ऐपत आहे त्याने शुल्क द्यावे, यात अन्याय नाही. ज्याला ऐपत नाही त्याचे शुल्क समाजाने भरावे, यात उपकार नाही. कारण त्याच्या बापजाद्यांनी ते शेतसाऱ्याच्या रूपाने केव्हाच भरलेले आहे. मन्नाएखेळ्ळीच्या चौरस्त्यावरून आज चहूकडे विद्यापीठांच्या वाटा फुटतात. त्या वाटांवर रयतेची मुले किती चालतात, यावरच उच्च शिक्षणाच्या विस्ताराचे मोल ठरेल.