तळटीप : समा आणि टाळ्या
* लेखिका शीवच्या. षण्मुखानंद सभागृहात (१९६३; १९९०च्या आगीनंतर १९९८मध्ये पुन्हा सुरू) समेवर दाद देत त्यांचे कान तयार झाले, म्हणून तुर्कस्तानातल्या कोन्यात समानंतरची शांतता त्यांना अवघडवून गेली असावी. पण मेवलेवी दर्वेशांचा समा, म्हणजे गिरक्यांचा विधी, ही उपासना आहे. तिथे टाळ्या वाजवत नाहीत. उंच टोपी म्हणजे थडग्यावरचा दगड, पांढरा घोळदार झगा म्हणजे कफन. नेय ही बासरी वाजून झाल्यावर काही वेळाने गिरक्या सुरू होतात : उजवा तळहात वर, डावा खाली, डावा पाय जमिनीवर रोवलेला. तुर्कस्तानने १९२५मध्ये दर्वेशांचे मठ बंद केले. १९५०च्या दशकात कोन्यात समा पुन्हा लोकांसमोर आला. मेवलेवी ज्याला गुरू मानतात त्या रूमीच्या पुण्यतिथीला, १७ डिसेंबरला, तो तिथेच पाहावा. इस्तंबूलच्या उपाहारगृहांतल्या गिरक्यांवर भागवू नये.