न पाहिलेल्या भूमीवरचे घर

‘घर पाहावे बांधून’ असे आपले जाणते लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. घर बांधताना जीव कसा मेटाकुटीला येतो, हे बांधणाऱ्यालाच कळते, असा या म्हणीचा भाव. मात्र या म्हणीने एक गोष्ट गृहीतच धरली आहे. ज्याला घर बांधायचे आहे त्याने जमीन आधी आपल्या डोळ्यांनी पाहिलेली असणार! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या शेकडो कॅथलिक माणसांनी नेमके हेच केले नाही. त्यांनी कागदावरचे घर खरे मानले आणि अर्धी पृथ्वी ओलांडून ते त्या घराच्या शोधात गेले. त्यांची कथा आपल्या वाचकांच्या फारशी परिचयाची नाही. ती सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात फसवणूक आहे तसा पुरुषार्थही आहे. आणि जिथे कोणाला अपेक्षा नव्हती तिथे उगवलेले श्रद्धेचे रोपही आहे.

१८७७ साली फ्रान्समधील वृत्तपत्रांत एक जाहिरात झळकू लागली. प्रशांत महासागरात एक मुक्त वसाहत स्थापन होत असून तेथील जमीन पाच फ्रँकला एक हेक्टर या दराने मिळेल, आणि घर न सोडताही श्रीमंत होता येईल, असा तिचा आशय होता. जाहिरात देणारा गृहस्थ ब्रिटनी प्रांतातला एक सरदार होता. शार्ल बोनाव्हेंतूर द्यू ब्रेल हे त्याचे नाव. इतिहास त्याला ‘मार्की द रे’ या किताबानेच ओळखतो. जन्म १८३२ चा. तरुणपणी त्याने निरनिराळ्या देशांत नशीब आजमावले होते; यश मात्र कोठेच आले नव्हते. जुन्या फ्रेंच दर्यावर्दींची प्रवासवर्णने वाचून त्याने आपल्या राज्याची जागा निवडली. न्यू गिनीच्या ईशान्येला न्यू आयर्लंड नावाचे लांबट, डोंगराळ बेट आहे. त्या बेटाच्या दक्षिण टोकाजवळचा एक उपसागर त्याने पसंत केला आणि त्याला ‘पोर्ट ब्रेतां’ म्हटले. अवघ्या प्रदेशाला त्याने ‘नवा फ्रान्स’ हे नाव दिले आणि स्वतःला त्याचा राजा ‘पहिला शार्ल’ म्हणवून घेतले. या राजाने आपल्या राज्यात आयुष्यात एकदाही पाऊल ठेवले नाही.

असल्या जाहिरातीवर लोकांनी विश्वास कसा ठेवला, असा प्रश्न आज आपल्याला पडेल. त्याचे उत्तर त्या काळात आहे. फ्रान्समध्ये प्रजासत्ताकाचे सरकार चर्चविरोधी धोरणे आखीत होते. आपल्या श्रद्धेला घरातच परकेपण येत आहे, असे अनेक कॅथलिकांना वाटू लागले होते. मार्कीने ही व्यथा ओळखली. त्याची वसाहत कॅथलिक असणार होती. तिथे मंदिर, मठ, शाळा, इस्पितळ अशा साऱ्या सोयी होणार होत्या. काही धर्मगुरूंनीही भाबडेपणाने या योजनेची भलामण केली. १८७९ पासून मार्सेय येथून ‘ला नूव्हेल फ्रांस’ हे तिचे नियतकालिक निघू लागले आणि त्यात वसाहतीच्या भरभराटीची रसभरित वर्णने येऊ लागली. प्रत्यक्षात तेव्हा तिथे रान, चिखल आणि पाऊस यांखेरीज काही नव्हते. लाखो फ्रँक मात्र जमा होत गेले. सारांश, जमीन विकली गेली ती नकाशाच्या बळावर नव्हे, क्रुसाच्या आडोशाने.

फ्रेंच सरकारने या उद्योगाला विरोध केला, म्हणून पहिले जहाज हॉलंडच्या बंदरातून निघाले. साल १८७९. त्यानंतरची जहाजे स्पेनमधल्या बार्सिलोनाहून सुटली. या ताफ्यातल्या दोन जहाजांची नावे आपल्या देशाशी नाते सांगणारी होती. पहिल्याचे नाव ‘शांदेर्नागोर’, म्हणजे बंगालमधील फ्रेंचांचे चंद्रनगर. आणि दुसऱ्या एकाचे ‘इंडिया’. आपल्या कथेचा धागा या ‘इंडिया’ जहाजावरच्या माणसांच्या हाती आहे.

ही माणसे होती इटलीच्या व्हेनेतो प्रांतातली शेतकरी कुटुंबे. १८६६ साली हा प्रांत नव्या इटालियन राज्यात सामील झाला आणि लवकरच दळणावरचा कर गरिबांच्या माथी बसला. मक्याच्या एकसुरी आहाराने पेलाग्रा नावाचा रोग घरोघरी शिरला होता. जमीन दुसऱ्याची, कष्ट आपले, अशी पिढीजात स्थिती. अशा माणसाला कोणी सांगितले, की अठराशे सुवर्ण फ्रँक दे, किंवा पाच वर्षे श्रम दे, म्हणजे वीस हेक्टर जमीन आणि दगडी बांधकामाचे घर तुझे होईल, तर तो काय करील? आपल्याकडील मापाने ती जमीन सुमारे पन्नास एकर होते. इटालियन सरकारने इशारा दिला, पासपोर्ट नाकारले. तरी ती कुटुंबे निघाली. अडवणारे सरकार तेच, कर घेणारेही तेच. त्याच्या इशाऱ्यावर ती कशी विश्वास ठेवणार? जुलै १८८० मध्ये सुमारे तीनशे चाळीस माणसे ‘इंडिया’वर चढली. त्यांत कडेवरची लेकरे होती, गरोदर स्त्रिया होत्या.

ऑक्टोबरच्या मध्यास जहाज पोर्ट ब्रेतांला पोहोचले. ज्या घरांसाठी ते आले होते ती घरे तिथे नव्हती. रस्ते नव्हते, मंदिर नव्हते, शेतही नव्हते. समुद्रातून सरळ वर चढलेले डोंगर, त्यांच्या पायथ्याशी सपाट जमिनीची अरुंद पट्टी, आणि चोहीकडे घनदाट अरण्य. दक्षिण-पूर्वेकडून येणारे वारे या डोंगरांना अडतात आणि तिथे पाऊस ओततात. हिरवे रान पाहून युरोपीय माणसाला माती कसदार वाटे. परंतु उष्ण प्रदेशातल्या अरण्याची संपत्ती बहुतांशी झाडांतच साठलेली असते. झाडे तोडली की मुसळधार पाऊस उघड्या मातीतला कस धुऊन नेतो. आपल्या कोकणातला शेतकरी पाऊस, उतार आणि बांध यांचे गणित आजोबांकडून शिकतो. पॅरिसमध्ये बसून नकाशावर चौकोन आखणाऱ्याला ते कोण शिकवणार?

पहिल्या जहाजांतून आलेल्या सामानाची कथा तर करुण म्हणावी की हास्यास्पद, हेच कळत नाही. भव्य मंदिरासाठी विटा आल्या होत्या. जिथे गहू पिकत नव्हता तिथे गहू दळण्याचे प्रचंड जाते आले होते. अन्न आणि औषध मात्र अपुरे! दूरवरून घर बांधणारा माणूस आपल्या मनातल्या घरासाठी सामान पाठवतो. जागेवर कशाची गरज आहे हे त्याला दिसतच नाही.

वसाहतीचा गव्हर्नर अन्नसामग्री आणण्यासाठी जहाज घेऊन सिडनीला गेला. आठवडे गेले, महिने गेले, तो परतला नाही. शिधा संपत आला. तापाने माणसे मरू लागली. हा ताप कशाने येतो हे तेव्हा जगाला ठाऊक नव्हते. हिवतापाचा परजीवी लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टरांनी अल्जीरियात प्रथम पाहिला तो नेमका याच दिवसांत, नोव्हेंबर १८८० मध्ये. आणि त्याचा डासांशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेत दाखवून दिला तो १८९७ साली. पोर्ट ब्रेतांच्या मातांना एवढेच दिसत होते, की सकाळी खेळणारे मूल संध्याकाळी फणफणते आणि चार दिवसांत मातीआड जाते.

अखेर या कुटुंबांनीच निर्णय घेतला. आम्हांला इथून न्या, असा आग्रह त्यांनी धरला. फेब्रुवारी १८८१ मध्ये ‘इंडिया’ने नांगर उचलला आणि फ्रेंचांच्या न्यू कॅलेडोनियातील नुमेया बंदर गाठले. जहाज पुढच्या प्रवासास निकामी ठरले. काही माणसे तिथेच राहिली, कित्येक दगावली. उरलेल्यांनी न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री सर हेन्री पार्क्स यांच्याकडे आश्रय मागितला. ७ एप्रिल १८८१ रोजी दोनशे सतरा जीव सिडनीच्या धक्क्यावर उतरले. अंगावरच्या कपड्यांपलीकडे त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते.

सिडनीकरांनी त्यांना अन्नवस्त्र दिले. सरकारने एक अट मात्र घातली. सर्वांनी एकत्र न राहता, निरनिराळ्या ठिकाणी कामाला लागून इंग्रजी आणि इथली रीत शिकावी. कुटुंबे विखुरली. मुलगी एका घरी कामाला, मुलगा दुसऱ्या गावी शेतावर, बाप तिसरीकडे. ज्यांनी एकमेकांच्या आधाराने मरण टाळले होते त्यांना जगण्यासाठी एकमेकांपासून दूर व्हावे लागले.

एका वर्षाने, १८८२ मध्ये, त्यांच्यापैकी एकाला उत्तरेकडे रिचमंड नदीच्या खोऱ्यात वुडबर्न गावाजवळ मोकळी जमीन दिसली. इतर वसाहतवाल्यांनी ती हलकी म्हणून सोडून दिली होती. जंगलही दाट होते. त्याने ती पाहिली, चालून पाहिली, आणि मग इतरांना कळवले. एकेक कुटुंब येऊ लागले. सरकारी नियमांनुसार हप्त्याने जमीन घ्यायची, त्या जमिनीवर राहायचे आणि ती सुधारायची, असा व्यवहार होता. पुरुष ऊसतोडीला आणि लाकूडतोडीला जात. मागे बायका आणि मुले रान साफ करीत. तिथल्याच झाडांच्या फळ्या, तिथलीच माती, तिथलीच साल वापरून घरे उभी राहिली. विहिरी खणल्या गेल्या. द्राक्षवेल लागले. लवकरच शाळा आली, मंदिर उभे राहिले. या वस्तीला लोक ‘न्यू इटली’ म्हणू लागले. तुतीची झाडे लावून त्यांनी रेशीमही काढले, आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्या रेशमाचा गौरव झाला. त्याच शिकागोत, त्याच वर्षी स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलले, हे आपल्या वाचकांना आठवेल.

दोन्ही वस्त्यांची तुलना केली तर काय दिसते? माणसे तीच, त्यांची श्रद्धा तीच, कष्टाची तयारीही तीच. पहिल्या ठिकाणी घर आधी ठरले आणि जमीन नंतर भेटली. दुसऱ्या ठिकाणी जमीन आधी भेटली, आणि तिने जेवढे दिले तेवढ्यातून घर झाले. पहिले घर दगडाचे असणार होते, ते कधी उभेच राहिले नाही. दुसरे मातीचे होते, त्यात लेकरे वाढली.

आणखी एका पक्षाचा विचार करणे न्यायाचे आहे. न्यू आयर्लंडची भूमी बेवारस नव्हती. तिथे माणसे राहत होती, त्यांची गावे होती, बागा होत्या, जमिनीवरचे कुळांचे हक्क होते. मार्कीने पाच फ्रँकला हेक्टर विकला तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. ‘मोकळी जमीन’ हा शब्द दुरूनच खरा वाटतो. जवळ गेले की तिथे कोणाचे तरी आयुष्य दिसते. वुडबर्नजवळच्या जंगलातही आदिवासी लोकांचा वावर वसाहतवाल्यांच्या कितीतरी आधीपासून होता, हेही विसरता कामा नये.

१८८२ च्या आरंभी उरलेल्या वसाहतवाल्यांनी पोर्ट ब्रेतां सोडले. त्याच वर्षी मार्कीला स्पेनमध्ये अटक झाली आणि १८८४ साली पॅरिसच्या न्यायालयाने त्याला तुरुंगवासाची शिक्षा दिली. १८९३ मध्ये तो मरण पावला. अल्फोंस दोदे यांनी १८९० साली ‘पोर्ट-तारास्कों’ ही विनोदी कादंबरी या प्रकरणावरून लिहिली. फ्रान्स हसले. हसण्याजोगे त्यात किती होते, हे न्यू इटलीतल्या मातांना विचारायला हवे होते.

परंतु कथा इथे संपत नाही. मार्कीच्या वसाहतीसाठी धर्मगुरू हवेत, अशी मागणी रोमपर्यंत गेली होती. १८८१ साली पोप तेरावे लिओ यांच्या काळात मेलानेशिया आणि मायक्रोनेशिया हा विस्तीर्ण प्रदेश येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी संघाकडे सोपवण्यात आला. २९ सप्टेंबर १८८२ रोजी त्या संघाचे पहिले मिशनरी शेजारच्या न्यू ब्रिटन बेटालगतच्या मातुपित येथे उतरले. वसाहत तेव्हा उरली नव्हती. ज्यांची सेवा करण्याचे निमित्त होते ते लोक निघून गेले होते. मिशनरी राहिले. आंद्रे नाव्हार यांच्यासारख्यांनी तिथल्या लोकांची भाषा शिकून घेतली, त्यांच्यात वस्ती केली.

त्या न्यू ब्रिटन बेटावरील राकुनाई गावी १९१२ साली पीटर तो रोत यांचा जन्म झाला. ते धर्मशिक्षक झाले. दुसऱ्या महायुद्धात जपानी सत्तेने धर्मगुरूंना बंदिवासात टाकले तेव्हा त्यांनी आपला ख्रिस्ती समाज सांभाळला, विवाहसंस्काराची बाजू घेऊन बहुपत्नीत्वाला विरोध केला, आणि १९४५ साली त्यांना तुरुंगात ठार मारण्यात आले. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्यांची संतपदी घोषणा केली. पापुआ न्यू गिनीचे ते पहिले संत.

यावरून मार्कीचे पाप पुण्य ठरत नाही. त्याच्या विटांतून मंदिर उभे राहिले नाही. जे उभे राहिले ते जागेवर राहणाऱ्या माणसांतून, त्यांच्या भाषेतून आणि त्यांच्यातल्याच एका बापाच्या रक्तातून. पवित्र हेतूचे नाव घेऊन कोणी जमीन विकू लागला, तर श्रद्धावंतांनी अधिक सावध व्हावे, एवढाच बोध त्याच्या वाट्याला येतो.

आज आपल्या धर्मग्रामांतली कितीतरी मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात नोकरीला आहेत. परक्या देशात राबताना गावाकडे एक घर असावे, ही ओढ स्वाभाविक आणि सुंदर आहे. रंगीत पत्रकांवरची घरेही तिथवर पोहोचतात. कधी ती ‘आपल्याच माणसाच्या’ हातून येतात. अशा वेळी व्हेनेतोच्या त्या कुटुंबांची आठवण ठेवावी. सातबारा कोणाच्या नावावर आहे, जमीन कसतो कोण, भर पावसात पाणी कोठे साचते, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते का, हे प्रश्न साधे आहेत. पण त्यांची उत्तरे जमिनीवर उभे राहूनच मिळतात. स्वतः येणे जमले नाही, तर घरातले कोणीतरी तिथे चालून यावे. न्यू इटलीची सुरुवात एका माणसाच्या अशाच पायपिटीने झाली होती.