ब्रह्मपुरीच्या पोटातलं घर

शिवाजी पुलाजवळ रिक्षा सोडा आणि ब्रह्मपुरीच्या चढाला लागा. टेकडी म्हणावी एवढी काही ती उंच नाही. पण पंचगंगा पात्राबाहेर पडते तेव्हा कोल्हापूरकराला या चढाचं मोल कळतं. वर दाटीनं घरं, दारात दुचाक्या, दोरीवर कपडे. तुम्हाला मात्र खाली जायचंय, सुमारे अठराशे वर्षं खाली.

पायाखालची माती दूर होते. मराठेशाहीचा थर ओलांडा, रेंगाळू नका. बहामनी काळात मात्र घटकाभर थांबा, कारण तिथे रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या आहेत, अख्ख्या कमी आणि फुटक्या फार. शिलाहारांचे दिवस भराभर उतरा. आता पाय टेकले, ती सातवाहनांची वस्ती.

समोरची भिंत पाहा. भाजलेल्या विटा! जुनं घर म्हटलं की तुम्ही कुडाच्या भिंतींची कल्पना केली असणार. हाताची वीत वीट मोजायला पुढे करा. आजच्या विटेपेक्षा ही बरीच मोठी, रुंद आणि चपटी. दोन विटांमध्ये चुना शोधू नका. मातीच्या गाऱ्यातच सगळं बांधकाम आहे, आणि तरी भिंत ओळंब्यात उभी आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसती भिंत उभी केली तर ती तडकायचीच. म्हणून पायात नदीचे गोटे घातलेत. पंचगंगेनं घासूनपुसून तयार ठेवलेला माल, खाणीवर जायलाच नको.

आता मान वर करा. छप्पर कौलारू आहे. प्रत्येक कौलाला दोन भोकं. त्यांतून खिळे ठोकून कौल खालच्या लाकडाला जखडलेलं. पावसाळ्यात पश्चिमेकडून घाटमाथ्याचा वारा सुटला की मोकळं कौल उडणार, हे बांधणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. मला विचाराल तर या घरातली सर्वांत हुशार वस्तू हीच. तेरला, नेवाशाला गेलात तरी सातवाहनांच्या वस्तीत असलीच कौलं सापडतील. म्हणजे ही एका कुंभाराची लहर नव्हे, मुलुखाची रीत होती.

आत शिरा. रांजण, लाल आणि काळी-तांबडी भांडी. कोणीतरी शिशाचं नाणं तुमच्या हातावर ठेवतं. त्यावर धनुष्यबाण आहे. हे विळिवायकुर राजाचं नाणं; पुढे 1877 साली अशी नाणी याच टेकडीत सापडली.

आणि एका घरात कांस्याच्या वस्तूंचा साठा. हत्ती, त्यावर स्वार. शेजारी आरसा, सुरई, आणि वीतभरही उंच नसलेला एक उघडा देव. तो पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. कोकणातल्या बंदरात जहाजातून उतरून, घाट चढून इथवर आलेला. ज्याच्या घरात तो होता त्याला या देवाचं नाव माहीत होतं का? बहुधा नसावं. वस्तू देखणी होती, परदेशी होती. श्रीमंताला तेवढं पुरतं, तेव्हाही आणि आताही.

डोक्यावर कुदळीचे घाव ऐकू येतात. 1945 साल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित थर उलगडत येताहेत. पाया, भिंती, कौलांचे तुकडे ते नोंदवतील, मोजतील, आणि 1952 साली सगळं अहवालात छापून येईल. तुम्ही आपले बाजूला व्हा, त्यांना काम करू द्या.

आज पोसायडन टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. ती इमारतही पाहण्याजोगी. 1870च्या दशकात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली, दगडी, टोकदार कमानींची. कोल्हापूरच्या वास्तूंवर बोलताना आपण मँटपासून सुरुवात करतो, फार तर अंबाबाईच्या देवळापर्यंत मागे जातो. गोटे, विटा आणि दोन भोकांचं कौल यांचा पाठ त्याहून जुना आहे, आणि तो शहराच्या शाळांत कुठे शिकवला जात असेल असं वाटत नाही. टाऊन हॉलला पोरांची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी तिथून ब्रह्मपुरीचा चढही त्यांना चढायला लावावा. अंतर फार नाही.