कोळशावर धावलेल्या मोटारी

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कचेरीतील सरकारी गाड्यांची लॉगबुके तपासणीसाठी माझ्या टेबलावर येतात. गाडी किती धावली, पेट्रोल किती लागले आणि प्रवास कशासाठी झाला, हे त्यांतील मुख्य रकाने. शेवटच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असतो : ‘कार्यालयीन’. त्या शब्दावर टिकेची खूण करताना मला पुष्कळदा माझे आजोबा आठवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, ते घाटावरून कोकणात उतरणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते, आणि ती मोटार पेट्रोलवर नव्हे, लोणारी कोळशावर चालत असे.

त्या काळची टंचाई समजून घ्यावयाची तर नकाशाकडे पाहावे लागते. हिंदुस्थानात तेल निघे ते मुख्यतः आसामात दिग्बोई येथे आणि पंजाबात अटकच्या परिसरात. देशाची गरज त्यावर भागण्यासारखी नव्हती. उरलेले तेल ब्रह्मदेशातून आणि इराणच्या आखाताकडून समुद्रमार्गे येई. युद्ध सुरू झाल्यावर जहाजे लष्कराच्या कामी गुंतली आणि 1941 साली पेट्रोलचे रेशनिंग आले. पुढे मार्च 1942 मध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये येनानज्याँगच्या तेलविहिरी माघार घेणाऱ्या इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. हेतू हा, की त्या जपान्यांच्या हाती लागू नयेत. अशा रीतीने पूर्वेकडचा झरा आटला. त्याच वेळी आसामच्या आघाडीला आणि हिमालय ओलांडून चीनकडे जाणाऱ्या विमानांना इंधन हवे होते. सामान्य मोटारवाल्याच्या वाट्याला उरले ते कूपन.

त्या कूपनावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये खेपा पुऱ्या होत ना. खासगी मोटारी ओसरीत नाहीतर तबेल्यात झाकून ठेवण्यात आल्या. बाजारातून हटत चाललेल्या टांग्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले, आणि सायकल ही प्रतिष्ठितांनाही चालू लागली. परंतु गावोगावच्या सर्व्हिस मोटारी झाकून ठेवणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी सरकारने कोळशाच्या गॅसला उत्तेजन दिले.

ही युक्ती तशी नवी नव्हती. गाडीच्या मागे लोखंडी भट्टी बसवावयाची, तीत लोणारी कोळसा भरावयाचा आणि त्याला बेताचीच हवा पुरवावयाची. पुरेशी हवा मिळाली तर कोळसा नुसता जळून जातो. अपुरी मिळाली तर तापलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा जळाऊ वायू तयार होतो. हा वायू गाळणीतून गाळून, थंड करून इंजिनात सोडला की मोटार चालते. पण त्यात निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असतो, आणि नायट्रोजन जळत नाही. त्यामुळे इंजिनाची ताकद एक-तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटे. सपाटीवर हे निभावून जाई. घाटात मात्र उतारूंना खाली उतरून मोटारीमागे चालत यावे लागे, आणि अखेरच्या चढावर ढकलावेही लागे.

या सगळ्याचा भार क्लीनर पोरावर असे. पहाटे सर्वांच्या आधी उठून त्याने भट्टीतील राख काढावयाची, गाळणीतील काजळी झटकावयाची, कोळसा फोडून भरावयाचा, निखारा घालावयाचा आणि मग हाताने पंखा फिरवीत राहावयाचे. गॅस ‘आला’ की नाही हे नळीच्या तोंडाशी काडी धरून पाहत. ज्योत धरली तर ठीक, न धरली तर पुन्हा पंखा. आजोबा सांगत, “कोळशाला भीत नव्हतो रे, डोकेदुखीला भीत होतो.” त्या डोकेदुखीचे कारण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, आणि बंद जागेत माणूस झोपल्या झोपल्या दगावतो. एके रात्री पावसामुळे ते मोटारीतच भट्टीजवळ निजले होते. ड्रायव्हरने पहाटे पाय धरून बाहेर ओढले म्हणून वाचले. मालकाच्या वहीत त्या दिवशी एवढीच नोंद झाली असेल, की पहिली खेप उशिरा सुटली.

असेच प्रयोग युरोपात याहून मोठ्या प्रमाणावर चालले होते. 1940 साली समुद्रमार्ग बंद पडल्यावर स्वीडनने लाकूड व कोळसा यांच्या गॅसवर सुमारे सत्तर हजार वाहने चालविली. इंग्लंडने जुलै 1942 पासून खासगी मोटारींचे मूळ रेशन रद्दच करून टाकले, आणि तेथील रेशनिंग उठले ते 26 मे 1950 रोजी, म्हणजे युद्ध संपून पाच वर्षे होत आल्यावर. अमेरिकेची कथा सर्वांत चमत्कारिक. तेथे तेल विपुल होते. तुटवडा होता रबराचा, कारण मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले होते. टायर झिजू नयेत म्हणून पेट्रोल मोजून देण्यात आले आणि वेगाची मर्यादा ताशी 35 मैल ठरली. मोटारींच्या काचांवर अक्षरांच्या चिठ्ठ्या लागल्या : साध्या माणसाला ‘ए’, ज्यांच्यावर निर्बंध नाही त्यांना ‘एक्स’. 1942 मध्ये काँग्रेसच्या पुष्कळ सभासदांनी स्वतःसाठी ‘एक्स’ वर्ग घेतल्याचे उघड झाले, तेव्हा लोक संतापले. आपली निकड ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती येतो, त्याला आपली प्रत्येक फेरी निकडीचीच वाटू लागते.

राजधानीतल्या माणसांना 1973 साल याच दृष्टीने आठवण्यासारखे आहे. ऑक्टोबरातील अरब-इस्रायल युद्धानंतर अरब राष्ट्रांनी तेलाचे उत्पादन आखडते घेतले, आणि भारतात पेट्रोल व रॉकेल यांचे भाव एकदम भडकले. पंतप्रधान इंदिरा गांधी काटकसरीचा धडा म्हणून घोड्याच्या बग्गीतून कचेरीस गेल्या. 12 नोव्हेंबर 1973 रोजी भाववाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. सत्ताधाऱ्यांचा घोडा आणि विरोधकांचे बैल, दोन्ही वृत्तपत्रांत झळकले. ज्या स्कूटरवाल्या कारकुनाने त्या महिन्यात स्कूटर बंद ठेवून बसची रांग धरली असेल, त्याचे छायाचित्र मात्र कोणी घेतले नाही.

टंचाईचा इतिहास कागदांवरून लिहिला जातो, आणि कागदावर वाटप तेवढे असते. कोणाला किती गॅलन मिळाले हे सापडते. ज्याला मिळाले नाही त्याने काय केले, हे सहसा सापडत नाही. वाचविलेल्या पेट्रोलची किंमत कोठे फेडली गेली, तेही त्या कागदांत उतरत नाही. युद्धकाळात लष्कराच्या मागणीने जंगलांवर आधीच कुऱ्हाड पडत होती. त्यात मोटारींचा कोळसाही त्याच रानांतून आला. तो लोणाऱ्याने भाजला, क्लीनरने फोडला, आणि त्याचा धूर दोघांच्याही छातीत गेला. बचत झाली ती खरीच. परंतु ती कोणा अंगमेहनत करणाऱ्याच्या खाती खर्च पडून झाली.

स्वातंत्र्यानंतर पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि भट्ट्या भंगारात गेल्या. 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला पहिली एस. टी. धावली, आणि सर्व्हिस मोटारींचे ते जगही हळूहळू मावळले. आजोबांनी पुढे शेती धरली. त्यांचा उजवा खांदा मात्र डाव्याहून अखेरपर्यंत किंचित खाली राहिला. तो पंख्याचा हात होता.

गेल्या महिन्यात एका लॉगबुकावर मी प्रथमच शेरा लिहिला : ‘प्रयोजन स्पष्ट करावे.’ लॉगबुक परत आले. खाली सुबक अक्षरांत उत्तर होते : ‘कार्यालयीन.’ मी पुन्हा टिकेची खूण केली. नाही म्हणायला, या वेळी ती करण्यापूर्वी लेखणी थोडा वेळ थांबली होती.