ब्रेसेससाठीचा वैयक्तिक दंत विमा (अमेरिका)

वेड्यावाकड्या दातांच्या उपचारासाठी बसवल्या जाणाऱ्या तारांचा, म्हणजेच ब्रेसेसचा, काही खर्च उचलणाऱ्या वैयक्तिक दंत विम्याला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये स्वतंत्र बाजारपेठ आहे. तेथे दंत विमा सर्वसाधारण आरोग्य विम्यापासून वेगळा असतो. ज्यांना नोकरीतून सामूहिक दंत विमा मिळत नाही असे स्वयंरोजगारी, अर्धवेळ कर्मचारी, विद्यार्थी व निवृत्त लोक वैयक्तिक विमा विकत घेतात. ब्रेसेसच्या संपूर्ण उपचारास साधारणतः ३,००० ते ७,००० डॉलर खर्च येतो. विम्याकडून मिळणारी रक्कम मात्र मर्यादित असते. त्यामुळे योजनेची निवड करताना हप्त्यापेक्षा करारातील अटींना अधिक महत्त्व असते.

पार्श्वभूमी

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या सदोष चाव्याचे वर्गीकरण मांडले. त्यानंतर ऑर्थोडॉन्टिक्स ही दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून विकसित झाली. दंत विम्याचा आरंभ १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर झाला. गोदी कामगारांची संघटना व जहाज कंपन्यांची संघटना यांनी कामगारांच्या मुलांच्या दंतोपचारासाठी वॉशिंग्टन, ओरेगन व कॅलिफोर्निया या राज्यांतील दंतवैद्यांच्या संस्थांकडे विचारणा केली. त्यातून उभ्या राहिलेल्या सेवासंस्थांपासून पुढे 'डेल्टा डेंटल' हे जाळे निर्माण झाले.

कायदेशीर स्थिती

२०१० च्या परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या कायद्याने, म्हणजेच 'ॲफोर्डेबल केअर ॲक्ट'ने, मुलांच्या दंतसेवेचा समावेश अत्यावश्यक लाभांमध्ये केला. प्रौढांच्या दंतसेवेचा मात्र त्यात समावेश झाला नाही. मुलांच्या बाबतीतही ब्रेसेसचा खर्च सामान्यतः उपचार 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' असल्यासच मिळतो. दुभंगलेली टाळू, खालचे दात टाळूत रुतून इजा होणे, वरचे दात अतिशय पुढे येणे ही अशा आवश्यकतेची उदाहरणे होत. केवळ दिसण्यासाठी दात सरळ करणे या व्याख्येत बसत नाही.

अल्प उत्पन्न गटांसाठी असलेल्या 'मेडिकेड' योजनेत २१ वर्षांखालील मुलांना वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ऑर्थोडॉन्टिक उपचार मिळू शकतात. आवश्यकता ठरवण्याची पद्धत राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात दातांच्या विकृतीचे गुणांकन करतात व त्यासाठी २६ गुणांची अट आहे. काही गंभीर विकृतींना गुणांची अट लागू होत नाही. त्यामुळे पात्र कुटुंबांसाठी खासगी विम्याआधी हा मार्ग तपासणे हिताचे ठरते. ज्येष्ठांसाठीच्या मूळ 'मेडिकेअर' योजनेत ब्रेसेसचा समावेश नाही.

योजनांचे प्रकार

पीपीओ : विमाधारक कोणत्याही दंतवैद्याकडे जाऊ शकतो, परंतु कंपनीच्या जाळ्यातील दंतवैद्याकडे ठरलेले कमी दर लागू होतात.

डीएचएमओ : हप्ता कमी असतो व उपचारांचे दर तक्त्यात दिलेले असतात, मात्र ठरावीक दंतवैद्याकडेच जावे लागते.

इंडेम्निटी : दंतवैद्याच्या निवडीचे पूर्ण स्वातंत्र्य असते, तुलनेने हप्ता जास्त असतो.

सवलत योजना : वार्षिक शुल्क भरल्यावर सहभागी दंतवैद्य दरात सूट देतात. हा विमा नव्हे. कंपनी कोणताही दावा चुकता करत नाही.

अनेक पीपीओ योजनांत तपासणी व दात साफ करण्याचा १०० टक्के, दात भरण्यासारख्या मूलभूत उपचारांचा ८० टक्के आणि मोठ्या उपचारांचा ५० टक्के खर्च मिळतो. ऑर्थोडॉन्टिक उपचार हा यापेक्षा निराळा चौथा वर्ग असून अनेक वैयक्तिक योजनांमध्ये तो मुळीच नसतो.

महत्त्वाच्या अटी

आजीवन कमाल मर्यादा : ब्रेसेससाठी एका व्यक्तीला संपूर्ण आयुष्यात मिळू शकणारी रक्कम. ती सहसा १,००० ते २,००० डॉलर असते आणि इतर उपचारांच्या वार्षिक मर्यादेप्रमाणे दरवर्षी नव्याने सुरू होत नाही.

प्रतीक्षा कालावधी : योजना घेतल्यापासून ब्रेसेसचा लाभ सुरू होईपर्यंतचा काळ. अनेक योजनांत तो १२ महिने, तर काहींत २४ महिन्यांपर्यंत असतो.

वयोमर्यादा : बऱ्याच योजना केवळ १९ वर्षांखालील मुलांच्या ब्रेसेसचा खर्च देतात. पारदर्शक अलाइनरचा समावेश असल्यास त्याची रक्कम अनेकदा धातूच्या तारांच्या दरापुरतीच मिळते.

चालू उपचाराचे कलम : विमा सुरू होण्यापूर्वी तारा बसवल्या असतील तर अनेक योजना उर्वरित खर्च नाकारतात किंवा कमी करून देतात. भारतात तारा बसवून शिक्षण वा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या रुग्णांनाही हे कलम लागू होते.

हप्त्यांनी भरणा : कंपनी सुरुवातीला काही भाग देते व उरलेली रक्कम उपचाराच्या काळात टप्प्याटप्प्याने चुकती करते. उपचार संपण्यापूर्वी विमा बंद केल्यास पुढील रक्कम सहसा मिळत नाही.

खर्चाची तुलना

ब्रेसेसच्या विम्याचे मूल्य हप्ते व लाभ यांची एकत्र मांडणी केल्यावरच कळते. उदाहरणादाखल, उपचाराचा नेहमीचा दर ५,५०० डॉलर, विम्याचा वाटा ५० टक्के, आजीवन मर्यादा १,५०० डॉलर आणि मासिक हप्ता ४५ डॉलर आहे असे मानू. निम्मा खर्च २,७५० डॉलर होतो. तथापि मर्यादेमुळे १,५०० डॉलरच मिळतात. बारा महिन्यांची प्रतीक्षा व चोवीस महिन्यांचा उपचार मिळून ३६ हप्ते, म्हणजे १,६२० डॉलर, भरावे लागतात. अशा स्थितीत रुग्णाचा एकूण खर्च ५,६२० डॉलर होतो. म्हणजे विमा नसतानाच्या खर्चापेक्षा १२० डॉलर अधिक.

तोच उपचार जाळ्यातील दंतवैद्याकडे ४,५०० डॉलरच्या ठरलेल्या दराने झाला, तर रुग्णाचा वाटा ३,००० व हप्ते १,६२० असे एकूण ४,६२० डॉलर होतात आणि ८८० डॉलर वाचतात. म्हणजे या उदाहरणात नफातोटा ठरवणारी बाब ५० टक्क्यांचा वाटा नसून ठरलेला दर ही आहे. तपासणी, दात भरणे, रूट कॅनाल अशा इतर उपचारांसाठी तीच योजना वापरली जाणार असल्यास तिचे मूल्य वाढते.

निवडीची प्रक्रिया

सर्वप्रथम ऑर्थोडॉन्टिस्टकडून उपचाराचा लेखी आराखडा घेतला जातो. त्यात अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या प्रणालीतील संकेतांक असतात. किशोरवयीनांच्या संपूर्ण उपचारासाठी डी८०८० व प्रौढांसाठी डी८०९० हा संकेतांक आहे. हे संकेतांक दाखवून कंपनीकडून रकमेचा लेखी पूर्वअंदाज मागवता येतो. जाहिरातीतील माहितीपत्रकापेक्षा करारातील वगळलेल्या बाबींची यादी अधिक निर्णायक असते. निवडलेला दंतवैद्य त्या विशिष्ट योजनेच्या जाळ्यात आहे की नाही, हे त्याच्या दवाखान्यातूनही पडताळावे लागते. केंद्र सरकारच्या विमा बाजारपेठेत स्वतंत्र दंत योजना आरोग्य योजनेसोबतच घेता येते. बाजारपेठेबाहेर ती थेट कंपनीकडून मिळते.

अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संस्था मुलाची पहिली ऑर्थोडॉन्टिक तपासणी वयाच्या सातव्या वर्षापर्यंत करण्याची शिफारस करते. या वयात तपासणी झालेल्या अनेक मुलांना लगेच तारांची गरज नसते. त्यामुळे पालकांना प्रतीक्षा कालावधी पूर्ण करण्यास पुरेसा वेळ मिळतो.

पर्याय

अनेक ऑर्थोडॉन्टिस्ट बिनव्याजी मासिक हप्त्यांची सोय देतात. दंतवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पदव्युत्तर विद्यार्थी देखरेखीखाली कमी दरात उपचार करतात. अमेरिकेच्या करविभागाच्या नियमांनुसार ब्रेसेस हा वैद्यकीय खर्च मानला जातो. त्यामुळे पात्र व्यक्तींना तो हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट अथवा नोकरीतून मिळणाऱ्या फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंटमधील करमुक्त रकमेतून भागवता येतो.

टीका

आरोग्य विमा कंपन्यांना वैयक्तिक विम्याच्या हप्त्यांपैकी किमान ८० टक्के रक्कम उपचार व सेवेच्या गुणवत्तेवर खर्च करण्याचे बंधन आहे. स्वतंत्र दंत विम्याला हे केंद्रीय बंधन लागू नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२२ मध्ये मतदारांनी सार्वमताद्वारे दंत विम्यासाठी ८३ टक्क्यांची किमान मर्यादा मंजूर केली. लाभाला ठरावीक कमाल मर्यादा असल्याने दंत विमा हा मोठ्या आर्थिक जोखमीपासून संरक्षण देण्याऐवजी खर्चाची आगाऊ विभागणी करतो, अशी टीकाही केली जाते.