दिवसापुरती खोली

गेल्या डिसेंबरात शारजातलं माझ्या लेकीचं बिऱ्हाड हललं. जावयांची नोकरी संपली होती. सामान आठ दिवस आधीच बोटीनं मुंबईला रवाना झालं होतं आणि घरमालकाला सकाळी दहाच्या आत चावी हवी होती. आमचं विमान मात्र रात्री दोन वाजून गेल्यावर. जावई हिशेब पुरे करायला आणखी पंधरा दिवस मागं राहणार होते, मित्रांच्या खोलीत एका खाटेवर. म्हणजे सकाळी दहा ते रात्री अकरा, तब्बल तेरा तास लेक, तिची दोन मुलं, सहा बॅगा आणि मी, असा आमचा काफिला बेघर होता. थोरला आठ वर्षांचा, धाकटी पाचची. ‘घरी जायचं विमान’ असं आम्ही मोठी माणसं म्हणत होतो. मुलं ज्याला घर म्हणत होती, त्याची चावी आम्ही सकाळीच देऊन टाकणार होतो.

शेजारणीनं आग्रह केला, दिवसभर आमच्याकडेच बसा. लेक म्हणाली, “नको अब्बा. समोरच आपलं बंद दार दिसत राहील आणि पोरं रडतील.” मॉलमध्ये हिंडायचं तर सहा बॅगांचं काय? विमानतळावरच जाऊन बसावं, तर सामान घेणारी खिडकी विमानाच्या तीन-चार तास आधी उघडते. दुबईच्या विमानतळावर आतल्या बाजूला हॉटेल आहे, पण ते तपासणी ओलांडलेल्यांसाठी आणि आमचं विमान तर शारजाहून. राहिला एकच मार्ग : दिवसापुरती हॉटेलची खोली.

ही खोली निवडायला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दुबई विमानतळाजवळची एक खोली स्वस्त होती, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. दुसरी दहा ते सहा. कुठंही विचारा, दिवस पाच-सहाला मावळतो. याचं कारण हॉटेलच्या हिशेबात आहे. हॉटेल विकतं ती रात्र. कालचा पाहुणा दुपारी बाराला खोली सोडतो, आजचा संध्याकाळी येतो. मधले जे तास रिकामे पडतात, ते ‘दिवसाची खोली’ म्हणून विकले जातात. शिंप्याकडे कापड बेतून झाल्यावर चिंध्या उरतात, तसे हे उरलेले तास. मध्यरात्री विमान असलेल्याला त्यांचा फारसा उपयोग नसतो. दुपार कशीही निघते. खरी कसोटी संध्याकाळी सहापासून, जेव्हा मुलं पेंगायला लागतात, भूक लागते, आणि दुबई-शारजाच्या रस्त्यावर मोटारींची रांग हलता हलत नाही.

आता विमानं तरी रात्रीचीच का? लांबच्या विमानांचं कारण सोपं आहे. युरोपला आपली रात्र शांत हवी असते. फ्रँकफर्टच्या विमानतळावर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच उड्डाणं बंद आहेत, लंडनच्या हीथ्रोवर रात्रीच्या विमानांना मर्यादा आहे. तिथं सकाळी उतरायचं तर मुंबई मध्यरात्रीनंतर सोडायला हवी. तिथून दिवसा निघालेली विमानं आखातात पोहोचतात रात्री, आणि त्यांतून उतरलेल्यांना पुढं हिंदुस्थानात न्यायला दुसरी विमानं तयार ठेवावी लागतात. युरोप झोपावा म्हणून आपण जागं राहायचं, असा हा मामला. शारजा ते मुंबई तर जेमतेम तीन तासांचं अंतर. पण विमान जमिनीवर उभं ठेवणं कंपनीला परवडत नाही आणि नोकरदाराला सुट्टीचा दिवस प्रवासात घालवणं परवडत नाही. दोघांनाही रात्रच सोयीची. मुलांना कोण विचारतं?

शेवटी शारजातल्याच एका साध्या हॉटेलवाल्यानं दुपारी बारा ते रात्री दहा खोली द्यायचं कबूल केलं. पैसे जवळपास पूर्ण रात्रीचे घेतले. लेक जरा कुरकुरली. मी म्हटलं, हे पैसे सहानंतरच्या चार तासांचे आहेत, दे. खाली उपाहारगृह होतं, खोलीत दूध गरम करायला किटली होती, न्हाणीघरात टब होता, खिडकीतून रस्ता दिसत होता. मुलांच्या दृष्टीनं टब सर्वांत महत्त्वाचा. शारजात दारूबंदी आहे, त्यामुळं तिथली हॉटेलं तशी बायकामुलांचीच. सकाळी दहा ते बारा मात्र आम्ही त्याच हॉटेलच्या खालच्या सोफ्यावर काढले.

बाराला रिसेप्शनवर फॉर्म भरायला दिला. कायमचा पत्ता, या रकान्यापाशी लेकीचा हात थांबला. दहा वर्षं तिनं जो पत्ता लिहिला, तो दोन तासांपूर्वी तिचा राहिला नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चिपळूणचा पत्ता लिहिला. लग्नाआधीचा.

दुपारी मुलं झोपली, लेकही कलंडली. मी खुर्चीत बसून राहिलो आणि मला साबूसिद्दीक मुसाफिरखाना आठवला. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ हा मुसाफिरखाना आहे. दादी हजला निघाली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तिला पोचवायला सगळं घर मुंबईत आलं होतं. व्हरांड्यात वळकट्या, ट्रंका, तांब्याचे तांबे, लोणच्याच्या बरण्या. कुणी बिहारचं, कुणी मराठवाड्यातलं. सगळे एकाच बोटीची वाट पाहत होते. बोट सुटायची तारीख कळे, पण कागदपत्रं, टोचण्या, तपासण्या यांत दिवस जात. तोवर छप्पर हवं, म्हणून मुसाफिरखाना.

त्याआधीच्या काळात मुंबईत हे असं थांबणं आठवडेच्या आठवडे चाले. यात्रेकरूंची फसवणूक इतकी वाढली की १८८६ साली सरकारनं त्यांच्या प्रवासाची व्यवस्था चक्क थॉमस कुक कंपनीकडे सोपवली. पर्यटनाच्या धंद्यात मुरलेल्या त्या कंपनीनंही काही वर्षांतच हात टेकले. हजची शेवटची बोट मुंबईहून सुटली १९९५ साली. विमानानं जाणाऱ्याला वळकटी लागत नाही.

मुसाफिरखान्याची वंशावळ सराईपर्यंत जाते. शेरशहा सूरीनं दर दोन कोसांवर एक, अशा सतराशे सराया बांधल्याचं अब्बास सरवानी या इतिहासकारानं नोंदवलं आहे. हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र सोय, दारात पाण्याचे रांजण, खाट, जनावरांना दाणापाणी. मनुची हा इटालियन प्रवासी सतराव्या शतकात इथं आला. तो सांगतो, संध्याकाळी सराईचे दरवाजे बंद होत आणि सकाळी उघडण्याआधी रखवालदार तीनदा ओरडून मुसाफिरांना आपापलं सामान तपासायला सांगे. काही हरवलं असेल तर सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. सहा बॅगा सांभाळणाऱ्या माणसाला ही व्यवस्था आवडण्यासारखीच आहे.

साडेचारला थोरला उठला. “नाना, मला खाली जायचंय.” धाकटी अजून झोपेत होती. मी लेकीला सांगून त्याला बाहेर काढलं. हॉटेल निवडताना माझ्या मनात एक चोर होता, तो इथं कबूल करतो. तिथून ‘महत्ता’ जवळ होतं.

शारजा म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. १९८६ चा मियाँदादचा शेवटच्या चेंडूवरचा षटकार, नाहीतर १९९८ ची सचिनची ती वादळी शतकं. पण त्याच्या अर्ध्या शतकापूर्वी शारजा प्रसिद्ध होतं ते एका रात्रीच्या मुक्कामासाठी. ‘महत्ता’ म्हणजे स्थानक, थांबा. इंग्रजांच्या इम्पीरियल एअरवेजची विमानं १९२९ पासून लंडन-कराची मार्गावर होती, सुमारे आठवड्याचा प्रवास. आधी ती इराणच्या किनाऱ्यावरून जात. इराणनं ती परवानगी पुढं चालू ठेवली नाही, तेव्हा मार्ग अरब किनाऱ्यावर आणावा लागला. शारजाचे शेख सुलतान बिन सक्र यांनी जुलै १९३२ मध्ये करार केला, आणि ५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘हानो’ नावाचं चार इंजिनांचं दुपंखी विमान वाळूत उतरलं. वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. आज आपली एखादी मोटारही तेवढी धावते.

तेव्हा अंधारात उडायची सोय त्या मार्गावर नव्हती. विमान संध्याकाळी उतरायचं, प्रवासी जेवायचे, झोपायचे, आणि उजाडताना ग्वादरमार्गे कराचीकडे निघायचे. त्यांच्यासाठी विश्रामगृह बांधलं ते किल्ल्यासारखं : जाड भिंती, बुरूज, भोवती काटेरी तारा, दारावर शेखांचे बंदूकधारी पहारेकरी. मुक्काम आणि जेवण तिकिटातच असे. खोली निवडण्याची कटकट प्रवाशाला नव्हती. विमान दिवसा उडायचं आणि माणूस रात्री झोपायचा. आज आम्ही माणसाला दिवसा झोपवतो, विमानाला रात्री उडवतो आणि खोलीचे पैसे वेगळे भरतो.

करारात एक तपशील आपल्या कामाचा आहे. जागेचं भाडं ठरलं ते महिना आठशे रुपये, शिवाय शेखांना पाचशे रुपये वेगळे. रुपये! त्या किनाऱ्यावर तेव्हा चलन आपलंच चालायचं. पुढं १९५९ साली आखातासाठी वेगळा रुपया छापला गेला, आणि १९६६ साली आपल्या रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर त्या मंडळींनी तो सोडला. दिरहम आला १९७३ साली. माझ्या वडिलांच्या पिढीतले कोकणी ‘द्वारका’ बोटीच्या डेकवर बसून तिकडं गेले ते दिरहम कमवायला. त्यांच्या आजोबांच्या काळात तिथले व्यापारी मोती विकून मुंबईहून रुपये नेत.

‘हानो’ शारजाला उतरल्यावर दहाच दिवसांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. आपल्या हवाई वाहतुकीचा आरंभ आपण तिथून मोजतो. ते टपाल कराचीपर्यंत इम्पीरियलच आणत असे. म्हणजे विलायतेहून मुंबईला निघालेली पत्रंसुद्धा वाटेत शारजाला रात्र काढू लागली होती.

सगळेच मुक्कामाला पोहोचले असं नाही. १ मार्च १९४० रोजी याच जातीचं ‘हॅनिबल’ विमान उलट दिशेनं, हिंदुस्थानातून शारजाकडे येताना ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. आठ माणसं होती. त्यांत मद्रासचे पुढारी सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते, लंडनला नव्या जबाबदारीवर निघालेले. विमान सापडलं नाही.

हे शेवटचं मी नातवाला सांगितलं नाही. रात्री त्याला विमानात बसायचं होतं. त्या किल्ल्याचं आता संग्रहालय झालंय, आत जुनी पंख्यांची विमानं आहेत. तो त्यांच्या पोटाखालून हिंडला. मग बुरुजाकडे बघत म्हणाला, “इथं लोक एकच रात्र राहायचे?”

“एकच.”

“मग त्यांचं घर कुठं होतं?”

“कुणाचं लंडनला, कुणाचं मुंबईला.”

“आणि इथल्या लोकांचं?”

“त्यांचं इथंच.”

“माझ्यासारखं,” तो म्हणाला. त्याचा जन्म शारजाचा. मला यावर बोलायला काही सुचलं नाही, मी त्याला रस्ता दाखवला. संग्रहालयाजवळचा किंग अब्दुल अझीझ मार्ग म्हणजे जुनी धावपट्टी. शहर वाढत वाढत विमानतळाला येऊन भिडलं, १९७७ साली नवा विमानतळ लांब वाळवंटात सुरू झाला आणि धावपट्टीचा रस्ता झाला. आठ वर्षांच्या पोराला किल्ल्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी वाटली.

परत आलो तर धाकटी टबात होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. सातला जेवण, आठला दोघंही पुन्हा झोपली. हेच ते सहानंतरचे तास. लेक खिडकीशी बसून नवऱ्याशी फोनवर हळू बोलत होती. दिवसभरात ती पहिल्यांदा रडली, आणि मुलं झोपेत असल्यामुळं तिला रडता आलं. मी न्हाणीघराचा नळ उगाच सोडून ठेवला.

मला दिसत होते ते विमानतळावरचे दुसरे मुसाफिर. आखातातून सुटणाऱ्या कुठल्याही रात्रीच्या विमानाआधी पाहा, दोरीनं आवळलेल्या खोक्यांना पाठ टेकून दुपारपासून माणसं बसलेली असतात. कंपनीच्या बसनं त्यांना सोयीच्या वेळी आणून सोडलेलं असतं. त्यांच्यासाठी ना दिवसाची खोली, ना सराई. शेरशहाच्या सराईत त्यांना निदान खाट मिळाली असती.

दहाला पाच मिनिटं असताना खोली सोडली. धाकटीनं चावीचं कार्ड हातात घट्ट धरलं होतं. “हीपण द्यायची?” तिनं विचारलं. दिली.

टॅक्सीवाला पेशावरचा होता. किंग अब्दुल अझीझ मार्गावर सिग्नल लागला, तसा थोरला पुढं वाकला आणि त्याला हिंदीत म्हणाला, “चाचा, पता है? यहाँ से हवाई जहाज़ उड़ते थे.” पंधरा वर्षं तो त्या रस्त्यानं गाडी हाकत होता. त्यानं काच खाली केली, मान बाहेर काढून रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. “अच्छा?” म्हणाला. मागचा हॉर्न वाजवू लागला, तेव्हा कुठं त्यानं गाडी पुढं काढली.