सहकारी संस्था : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील समस्या

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथे सहकारी चळवळ पश्चिम महाराष्ट्राच्या तुलनेत उशिरा रुजली. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानंतर तिला वेग आला. लातूरचा मांजरा आणि अर्धापूर तालुक्यातील भाऊराव चव्हाण हे साखर कारखाने तिची ठळक उदाहरणे होत.

पतपुरवठा : गावची विविध कार्यकारी सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक व राज्य बँक अशी ही त्रिस्तरीय रचना आहे. दुष्काळ पडला की पीककर्ज थकते. सोसायटीची थकबाकी जिल्हा बँकेवर येते. थकबाकीदाराला नवे कर्ज मिळत नाही व तो सावकाराकडे वळतो.

पाणी : ऊस हे अधिक पाण्याचे पीक. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ऊस घटल्यास गाळप हंगाम आखडतो, पण कर्जाचे व्याज चालूच राहते. किल्लारीचा सहकारी कारखाना अनेक वर्षे बंद राहिला.

व्यवस्थापन : राजकीय गटबाजी, विलंबित लेखापरीक्षण व सभासदांची उदासीनता संस्थांना पोखरते. वार्षिक सभेत हिशेब विचारणारा सभासद हाच सहकाराचा खरा आधार होय.